वाचलेली वीज जाते कुठे?



अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा, असे आपण शाळेत शिकलो. आज त्यांच्या पंगतीत वीज केव्हाच येऊन बसली आहे. मात्र विजेच्या बचतीविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते बहुधा ‘खोलीबाहेर पडताना दिवा-पंखा बंद करावा’ या सूचनेवर येऊन थांबते. ती सूचना योग्यच आहे. परंतु प्रस्तुत लेखात आम्हांस एका वेगळ्या प्रश्नाविषयी लिहावयाचे आहे. कमी वीज खाणारे दिवे, पंखे, फ्रीज आणूनही बिल अपेक्षेइतके का उतरत नाही? वाचलेली वीज जाते कुठे? आम्ही विद्युत अभियंते नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून. आकड्यांशी संबंध तो जमाखर्चापुरता. पण हा प्रश्नही शेवटी जमाखर्चाचाच आहे, आणि आमच्यापुढे तो आला तोदेखील जमाखर्चाच्याच निमित्ताने.

२०२४ सालच्या वार्षिक सर्वसाधारण सभेस जे हजर होते त्यांना आठवत असेल. आदल्या वर्षी संस्थेच्या अभ्यासिकेतील जुन्या ट्यूबलाइट आणि पंखे काढून त्या जागी एलईडी ट्यूब आणि कमी विजेवर चालणारे नवे पंखे बसवले होते. सभासदांच्या वर्गणीतून त्यासाठी अठ्ठावीस हजार रुपये खर्ची पडले. सभेत खजिनदारांनी दोन्ही वर्षांची मार्च महिन्याची बिले वाचून दाखवली. बदलापूर्वी २०२ युनिट, बदलानंतर १९०. “अठ्ठावीस हजार घातले अन् वाचले बारा युनिट. याले बचत म्हणाची का?” असा त्यांचा सवाल होता. अभ्यासिका पूर्वीप्रमाणे दुपारी चार ते रात्री दहा एवढीच उघडी ठेवावी, म्हणजे घातलेला पैसा वसूल होईल, असा ठराव त्यांनी मांडला. शंभर-शंभर रुपयांची वर्गणी हा माणूस उन्हातान्हात सायकलवर फिरून गोळा करतो, हे आपण सारे जाणतो. तेव्हा त्यांच्या बोलण्यास वजन होते. मागे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी तेवढी उठून म्हणाली, “काका, सकाळी आमच्या घरी पाणी भरणं, डबे, सगळं एकाच खोलीत. इथं चार तास भेटतात.” ठराव पुढे ढकलण्यात आला आणि हिशेब तपासून टिपण देण्याचे काम आमच्याकडे आले. त्या टिपणासाठी जे वाचन घडले, त्यातून हा लेख सिद्ध झाला आहे.

प्रथम हिशेबाकडे वळू. जुन्या दहा ट्यूबा होत्या. एका ट्यूबला चोकसह सुमारे ५२ वॅट लागत. आठ पंखे, प्रत्येकी ७५ वॅट. सर्व मिळून ११२० वॅट, म्हणजे अभ्यासिका एक तास उघडी राहिली की १.१२ युनिट. रोज सहा तास आणि महिना ३० दिवसांचा धरला, तर २०२ युनिट येतात. बिलाशी जुळले. आता नवी ट्यूब २० वॅटची आणि नवा पंखा ३० वॅटचा आहे. एकूण ४४० वॅट, म्हणजे तासाला ०.४४ युनिट. तेच सहा तास धरले तर महिन्याला ७९ युनिट लागावयास हवे होते. १२२ युनिटांची बचत! दुकानदाराने दिलेल्या कागदावर हाच आकडा होता, आणि तो खोटा नव्हता.

मग झाले काय? अभ्यासिकेच्या हजेरीवहीने उत्तर दिले. नवे दिवे लागल्यानंतर दोन-तीन महिन्यांत अभ्यासिका सकाळी सहा ते दहा आणि दुपारी दोन ते रात्री दहा अशी बारा तास उघडी राहू लागली होती. असा ठराव कोणीही केलेला नाही. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या काकांना विचारले, तर ते म्हणाले, “पोरं दारात उभी राहत होती, अन् नवीन लाइट काही खातच नाही म्हणे, तर उघडून देत गेलो.” बारा तासांचे झाले १५८ युनिट. उरलेले ३२ युनिट मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जिंगचे आणि पिण्याच्या पाण्याच्या कूलरचे. हा कूलर एका दात्याने त्याच वर्षी दिला आणि ‘आता बिलात जागा आहे’ असे म्हणून समितीने तो ठेवून घेतला. सदर बैठकीस आम्हीही होतो आणि मानही डोलावली होती, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. म्हणजे १२२ युनिटांच्या बचतीतून ७९ युनिट वाढलेल्या तासांनी घेतले, ३१-३२ नव्या वस्तूंनी घेतले आणि जेमतेम बारा हाती उरले.

या प्रकारास अर्थशास्त्रात ‘रिबाउंड इफेक्ट’ असे नाव आहे. आपण त्यास ‘उसळी’ म्हणू. चेंडू जमिनीकडे टाकला की तो तेथेच राहत नाही, थोडा वर येतो. तसा विजेचा वापर खाली ढकलला की तो थोडा परत वर येतो. कारण अगदी साधे आहे. एखादे काम कमी विजेत होऊ लागले, म्हणजे ते काम स्वस्त झाले. आणि स्वस्त झालेली गोष्ट माणूस जास्त घेतो. आपल्याला युनिट नको असतात. आपल्याला उजेड हवा असतो, वारा हवा असतो, थंड पाणी हवे असते. युनिटचा दर तोच राहिला तरी उजेडाचा दर उतरतो. तोच दिवा जास्त वेळ जळू लागला तर ती थेट उसळी. वाचलेल्या पैशांतून दुसरीच वीज खाणारी वस्तू घरात आली तर ती आडवळणाची उसळी. वाचलेली सर्वच्या सर्व वीज खाऊन वापर पूर्वीपेक्षाही वाढला, तर बचत उलटली असे म्हणावे लागेल.

हा विचार नवा नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली दगडी कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला. (हे गृहस्थ तरुणपणी ऑस्ट्रेलियात सिडनीच्या टांकसाळीत धातूची पारख करण्याच्या नोकरीस होते. आमच्यासारख्या बँकेतल्या माणसास त्यांच्याविषयी आपलेपणा वाटतो तो यामुळे.) इंग्लंडचे सारे वैभव त्या काळी कोळशावर उभे होते आणि कोळसा संपला तर काय, अशी काळजी सुरू झाली होती. त्यावर अनेकांचे उत्तर असे की यंत्रे सुधारत आहेत, कमी कोळशात जास्त काम होत आहे, तेव्हा कोळसा पुरेल. जेव्हन्स यांनी दाखवून दिले की घडत आहे ते नेमके उलटे. जेम्स वॅट यांच्या सुधारलेल्या वाफेच्या इंजिनास जुन्या इंजिनापेक्षा फार कमी कोळसा लागे. पण म्हणूनच ते इंजिन परवडू लागले, खाणीत, गिरणीत, जिकडे तिकडे गेले, आणि कोळशाचा एकूण खप वाढला. त्यांनी स्कॉटलंडच्या लोखंडाचे उदाहरण दिले आहे. एक टन लोखंड बनवण्यास लागणारा कोळसा पूर्वीच्या एक तृतीयांशाहूनही खाली आला. तरी १८३० ते १८६३ या काळात तेथील कोळशाचा एकूण खप दहापट झाला. आमच्या गावाकडच्या नातलगांस हे सांगितले, तर त्यांना नवल वाटले नाही. ठिबक आल्यावर वाचलेल्या पाण्यावर त्यांनी आणखी दोन एकर संत्रा लावला होता.

उजेडाचा इतिहास तर याहून बोलका आहे. रॉजर फूके आणि पीटर पिअर्सन या दोन अभ्यासकांनी इंग्लंडमधील दिवाबत्तीचा सातशे वर्षांचा हिशेब मांडून २००६ साली प्रसिद्ध केला. मेणबत्ती, तेलाचा दिवा, गॅसबत्ती, रॉकेल आणि मग वीज, असा तो प्रवास आहे. त्यांच्या मते १८०० सालच्या तुलनेत २००० साली तेवढाच उजेड तीन हजारांश किमतीत मिळू लागला होता, आणि माणशी उजेडाचा वापर सुमारे साडेसहा हजार पट झाला होता. आता इतकी वाढ केवळ दिवे सुधारले म्हणून झाली असे नव्हे. लोकांचे उत्पन्नही वाढले. पण माणूस उजेडाचा किती भुकेला होता, हे या आकड्यावरून कळते. कोणी असे म्हणेल का, की इंग्लंडच्या लोकांनी मेणबत्तीच्या काळाइतकाच उजेड वापरून बाकीचे पैसे वाचवावयास हवे होते?

आपल्याकडे हा बदल फार थोड्या वर्षांत झाला. केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली आणि तिच्याद्वारे छत्तीस कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. सरकार घाऊक खरेदी करीत गेले तसा एका बल्बचा खरेदीदर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचे काम ९ वॅटचा दिवा करू लागला. आम्हीही २०१६ साली रांगेत उभे राहून चार दिवे आणले. पूर्वी आमच्याकडे चार बल्ब रोज सुमारे पाच तास जळत, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. नव्या दिव्यांना तेवढ्याच वापरात साडेपाच युनिट पुरले असते. आज मोजले तर घरात नऊ दिवे आहेत. जिन्यात एक, मोरीत एक, गच्चीत एक, बुद्धमूर्तीपाशी एक, आणि मुलाच्या टेबलावर एक. सरासरी सात तास जळतात. सतरा युनिट होतात. उसळी झाली खरी, पण लक्षात घ्या, ३६ चे १७ झाले, आणि अंधाऱ्या जिन्यात आमची आई दोनदा पडली होती ती आता पडत नाही. आमचे वडील गिरणीत कामाला होते. दोन खोल्यांच्या मधल्या दारावर त्यांनी एकच बल्ब लावला होता, म्हणजे अर्धा उजेड इकडे, अर्धा तिकडे. त्या उजेडात शिकलेल्या माणसाला मोरीतल्या दिव्याची उधळपट्टी वाटत नाही.

अशी उसळी सगळीकडे सारखी नसते, हे समजण्यास परदेशातील दोन अनुभव उपयोगी पडतील. अमेरिकेत कॅन्सस राज्यात बर्न नावाचे छोटे गाव आहे. १९९७ साली तेथील सुमारे शंभर घरांना कमी वीज-पाण्यावर चालणारी कपडे धुण्याची यंत्रे मोफत देण्यात आली. लुकास डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञाने त्या नोंदी तपासल्या. धुणे स्वस्त झाले म्हणून लोकांनी किती जास्त कपडे धुतले? शेकडा ५.६. बस्स. उघडच आहे, कपडे धुवावयाचे तर आधी ते मळावे लागतात.

दुसरा अनुभव मेक्सिकोचा. तेथे २००९ ते २०१२ या काळात सरकारने जुने फ्रीज व एसी परत घेऊन नव्यासाठी अर्थसाहाय्य दिले. सुमारे १९ लाख वस्तू बदलल्या गेल्या. डेव्हिस, फुक्स आणि गर्टलर यांनी २०१४ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. फ्रीज बदललेल्या घरांत विजेचा वापर शेकडा ८ ने उतरला. पण तज्ज्ञांनी आधी जे भाकीत केले होते त्याच्या तो केवळ एक चतुर्थांश होता. आणि एसी बदललेल्या घरांत वापर चक्क वाढला. याचे सारे खापर उसळीवर फोडणे बरोबर नाही. नवे फ्रीज मोठे होते, त्यांत बर्फाची वगैरे जास्तीची सोय होती. जुनी यंत्रे समजली होती तितकी खादाड नव्हती. कागदावरचा अंदाजच फुगवलेला होता. तरी एसीची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गरम प्रदेशातल्या माणसाला गारवा कितीही मिळाला तरी थोडा आणखी हवा असतो, हे नागपूरकरांना कोणी सांगावयास नको.

विद्वानांत या विषयावर बरेच वाद आहेत. १९८० साली डॅनियल खझूम यांनी घरगुती उपकरणांच्या संदर्भात हा प्रश्न पुन्हा उकरून काढला, तेव्हापासून एक पक्ष म्हणतो की कार्यक्षमतेने ऊर्जेची बचत होतच नाही. दुसरा पक्ष ही भीती अवाजवी मानतो. स्टीव्ह सॉरेल यांनी २००७ साली ब्रिटनमधील ऊर्जा संशोधन केंद्रासाठी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा श्रीमंत देशांतील घरांत थेट उसळी बहुतेक ठिकाणी शेकडा ३० च्या आत आढळली. म्हणजे रुपयातले सत्तर पैसे तरी खरोखर वाचतात. आमच्या अल्पमतीस हे पटते. वॅट यांचे इंजिन आणि मोरीतला दिवा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. इंजिनातून नवे कारखाने निघतात. घरातल्या उजेडाला शेवटी खोल्यांची आणि डोळे मिटण्याच्या वेळेची मर्यादा आहे.

पण मग आपल्या अभ्यासिकेत शंभरातले नव्वद कसे गेले? याचे उत्तर आम्हांस जयश्री रॉय यांच्या लेखात सापडले. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिकेने भारतातील उसळीविषयी २००० साली लिहिले. ग्रामीण घरांत सौर कंदील दिल्यावर रॉकेलची बचत अपेक्षेपेक्षा कमी झाली, कारण घरांत दिवा लागण्याचे तासच वाढले. त्या घरांची उजेडाची गरज पूर्वी भागलेलीच नव्हती. ब्रिटनमध्येही थंडीच्या बाबतीत हेच दिसले. जी घरे आतून फार गार होती, त्यांना भिंती-छप्पर सुधारून दिल्यावर लोकांनी इंधन वाचवण्याऐवजी घर जास्त उबदार ठेवले. आतील तापमान साडेसोळा अंशांच्या आसपास असेल, तर फायद्याचा सुमारे शेकडा ३० भाग उबेत जातो, असा हिशेब मिल्न आणि बोर्डमन यांनी २००० साली मांडला. घर जितके अधिक गार, तितका हा भाग मोठा. सुज्ञ वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की उसळीचे माप हे पुष्कळदा उधळेपणाचे नसून उणिवेचे माप असते. ज्याचे पोट भरलेले आहे त्याच्यापुढे ताट स्वस्त केले तरी तो एक घास जास्त खाईल. अर्धपोटी माणूस पोटभर जेवेल.

येथे एका गोष्टीची आठवण करून देणे आवश्यक वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि विद्युतशक्तीचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम व विद्युतशक्ती यांसंबंधीच्या धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी देशाला वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, अशी भूमिका मांडली. विजेवाचून उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणावाचून दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांचा विचार होता. त्यांच्या राज्यघटनेविषयी आपण नेहमी बोलतो. विजेच्या या कामाविषयी फारच थोडे. आजही भारतात माणशी विजेचा वापर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. तेव्हा ‘वापर वाढला’ एवढ्यावरून लगेच कपाळाला आठ्या घालणे आम्हांस बरोबर वाटत नाही.

तथापि दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या शहराच्या उत्तरेस धूर सोडत उभी आहे. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांत आपली वीज बनते. एका युनिटसाठी सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, आणि आपल्या कोळशात राखेचे प्रमाण शेकडा ३० ते ४० असते. ती राख ज्यांच्या अंगणात, विहिरीवर आणि छातीत बसते, तेही आपल्यासारखेच लोक आहेत. अभ्यासिकेच्या वाढलेल्या तासांचे ७९ युनिट म्हणजे महिन्याला पन्नास किलो कोळसा, एक पोते भरेल इतका. हे पोते एका पारड्यात आणि महिन्याचे १८० जादा तास दुसऱ्या पारड्यात ठेवून पाहावे, म्हणजे नुसत्या बिलावरून जे कळत नाही ते कळेल. आमच्यापुरते पारडे तासांच्या बाजूने झुकते. पण पाण्याच्या कूलरचे पारडे तसे झुकेना, म्हणून आम्ही एके रात्री अकरा वाजता जाऊन पाहिले. अभ्यासिकेला कुलूप होते आणि आत कूलर सुरू होता. रात्रभर कोणासाठी पाणी गार होत होते?

हाच न्याय घराला लावला, तेव्हा आम्हांस आमच्याच एसीकडे पाहावे लागले. २०१९ पर्यंत आम्ही डेझर्ट कूलरवर होतो. रोज दहा तास चालला तरी महिन्याला पन्नास-पंचावन्न युनिट. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला आणि आईला रक्तदाबाचा त्रास झाला, तेव्हा हप्त्यावर दीड टनाचा एसी घेतला. अंगावर पाच तारे. हे तारे देण्याची पद्धत ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ पासून सुरू केली, आणि तारा जास्त म्हणजे त्याच गारव्याला वीज कमी, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्या घरी त्याचा अर्थ ‘बिल येत नाही’ असा झाला. बँकेत कर्जाच्या टेबलावर आम्ही हे वाक्य शेकडो वेळा ऐकले आहे, “साहेब, पाच स्टार आहे, बिलात वाचते त्यातच हप्ता निघून जाते.” कूलर सोडून एसी घेणाऱ्याचे बिलात काही वाचत नाही, हे सांगण्याचा प्रयत्न आम्ही सोडून दिला आहे. एसी, मग तो पाच ताऱ्यांचा का असेना, तासाला सरासरी एक युनिटच्या आसपास घेतो. आठ तास रोज, म्हणजे महिन्याला २४० युनिट. नऊ दिव्यांत वाचवलेले १९ युनिट त्यापुढे किस झाड की पत्ती.

ही सारी वाढ उसळीच्या खाती टाकणे मात्र चूक होईल. पगार वाढला, उन्हाळे कडक झाले, एसी स्वस्त झाले. तारे नसते तरी आम्ही तो घेतलाच असता. उसळी शोधायची ती रिमोटवर. आईच्या खोलीत दुपारी २६ अंश ठेवले तर तिला बरे वाटते, ती गरज. रात्री चिरंजीव २० अंश ठेवतात आणि वर गोधडी घेऊन झोपतात. विचारले तर उत्तर तयार, “बाबा, पाच स्टार आहे ना!” ही खरी उसळी, आणि हिला उणीव म्हणता येत नाही. ब्यूरोच्या मते तापमान एक अंशाने वाढवून ठेवले की सुमारे शेकडा ६ वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच २४ अंशांवर यावेत असा नियमही झाला. यंत्र बिचारे २४ वरच येते; खाली नेतो तो अंगठा. महावितरणच्या बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर दराचे टप्पे आहेत, आणि पुढच्या टप्प्यातले युनिट महाग असतात. आम्ही चिरंजिवांना मे महिन्याचे बिल वाचावयास दिले. ३०० च्या वर गेलेल्या युनिटांची बेरीज त्यांनी स्वतः केली. त्या रात्रीपासून २५ अंश आणि पंखा यावर तह झालेला आहे. गोधडी कपाटात गेली.

अभ्यासिकेविषयीचे टिपण आम्ही कार्यकारी समितीस दिले. त्यात एवढेच लिहिले की अठ्ठावीस हजारांत आपण युनिट विकत घेतले नाहीत, तास विकत घेतले. जुन्या दिव्या-पंख्यांवर बारा तास उघडे ठेवले असते, तर बिल ४०० युनिटांवर गेले असते, आणि मग कोणी बारा तास उघडे ठेवलेच नसते. समितीने बारा तास कायम केले. पाण्याचा कूलर रात्री बंद करण्याचे काम शेवटी निघणाऱ्या विद्यार्थ्याकडे दिले, आणि पंख्यांची बटणे रांगेप्रमाणे वेगळी करून घेतली, म्हणजे दोघे-तिघेच बसले असतील तर आठही पंखे फिरावयास नकोत. पुढच्या बिलात १८१ युनिट आले.

खजिनदारांचे समाधान अद्याप झालेले नाही. त्यांच्या मते १८१ देखील जास्तच आहेत. दर महिन्याच्या एक तारखेस ते स्वतः येऊन मीटर वाचतात आणि दाराजवळ खिळ्याला टांगलेल्या वहीत आकडा लिहितात. शेजारच्या रकान्यात त्या महिन्याची हजेरी लिहिण्याचे काम सकाळी सहाला येणाऱ्या त्या मुलीकडे आहे.